कपूरकाचरीचे बंगळुरूतले नातलग

दिवाळीच्या उटण्यात कपूरकाचरी पडते ती वासासाठी. तिच्या सुगंधी तेलात इथाइल पॅरा-मेथॉक्सीसिनॅमेट नावाचा पांढरा, स्फटिकी पदार्थ असतो. सनस्क्रीनच्या ट्यूबमागे बारीक अक्षरांत ‘इथाइलहेक्झिल मेथॉक्सीसिनॅमेट’ किंवा ‘ऑक्टिनॉक्सेट’ असे छापलेले असते, ते रसायन याच कुळातले. पण म्हणून काही उटणे चोपडून उन्हात जाऊ नये. ते धुवायचे असते आणि त्यात हा पदार्थ असतोही नावापुरता.

बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, या कुळाची तपासणी झाली ती सुगंधी तेलांच्या नादात. पहिल्या महायुद्धात म्हैसूरचे चंदन जर्मनीला जाणे थांबले, तेव्हा याच संस्थेचे सडबरो आणि वॉटसन यांनी १९१६ मध्ये बंगळुरूत चंदनतेल गाळून दाखवले. सडबरोंच्या मागून आले जॉन लायनेल सायमन्सन. भारतीय विज्ञान काँग्रेस उभी करणाऱ्या दोघांपैकी हे एक. देशी वनस्पतींच्या तेलांत काय काय दडले आहे, हे शोधण्याचा त्यांनी सपाटाच लावला. १९२६ मध्ये पणिक्कर, राव आणि सायमन्सन यांनी संस्थेच्या नियतकालिकात कच्चोलमच्या तेलावर निबंध छापला. कच्चोलम हा केरळातला, कपूरकाचरीच्याच आले-हळदीच्या घराण्यातला कंद. मेथॉक्सीसिनॅमेट त्याच्याही तेलात भरपूर. डच रसायनज्ञ फान रोम्बुर्ग यांना ते जावात आधीच सापडले होते. १९२६ मध्येच आलेल्या रानहळदीच्या तेलावरील निबंधाच्या लेखकांत शिंत्रे हे आडनावही आहे.

उन्हाचा प्रश्न तेव्हा कोणाच्या टेबलावर नव्हता. अमेरिकेत मात्र १९२८ मध्ये बेंझिल सिनॅमेट आणि बेंझिल सॅलिसिलेट घातलेले ऊनरोधक मलम आले. सिनॅमेटांचा गुण त्यांच्या सांगाड्यातच असतो. एका टोकाला बेंझीनचे कडे, दुसऱ्या टोकाला एस्टर आणि मधे दुहेरी बंध. कड्यावर मेथॉक्सी गट बसला की इलेक्ट्रॉन या टोकाकडून त्या टोकाकडे सहज सरकतात, आणि ३१० नॅनोमीटरच्या आसपासची किरणे शोषली जातात. कातडी भाजते ती याच पट्ट्यातल्या, यूव्हीबी किरणांनी. शोषलेली ऊर्जा बहुतांशी उष्णता होऊन निघून जाते.

कंदातल्या पदार्थाची एस्टरकडची शेपटी दोन कार्बनची. तिच्या जागी आठ कार्बनची फाटे असलेली शेपटी जोडली की स्फटिक जाऊन ऑक्टिनॉक्सेट हा तेलकट द्रव मिळतो. तो क्रीममध्ये सहज मिसळतो, पाण्यात विरघळत नाही, घामाने चटकन ओघळत नाही. सगळी करामत या शेपटीची.

खोड म्हणाल तर, ऊन लागताच काही रेणू दुहेरी बंधाशी वळतात आणि त्या रूपात कमी किरणे शोषतात. शिवाय कातडी सुरकुतवणाऱ्या यूव्हीएपुढे हे रसायन लंगडे पडते. तिथे अ‍ॅव्होबेन्झोन लागते. त्याला लागणारे ४-मेथॉक्सी अ‍ॅसिटोफिनोन पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभला तयार होते. पण ही दोन रसायने उन्हात एकमेकांशीच अभिक्रिया करून निकामी होतात, म्हणून एकत्र घालायची तर स्थिर ठेवणारे तिसरे काही घालावे लागते.

खुद्द बंगळुरूत या कुळाला काम भरपूर. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंची, विषुववृत्तापासून जेमतेम १३ अंश. हजार मीटर चढले की अतिनील किरणे साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. वारा गार म्हणून कोणी टोपी घालत नाही. तिकडे हवाई बेटांवर मात्र प्रवाळांच्या काळजीपोटी १ जानेवारी २०२१ पासून ऑक्टिनॉक्सेटच्या सनस्क्रीनची विना-प्रिस्क्रिप्शन विक्री बंद आहे. युरोपात १० टक्क्यांपर्यंत आणि अमेरिकेत ७.५ टक्क्यांपर्यंत ते घालता येते.