चिरंजीव या शब्दापाशी अडलेला चांगदेव

लालबागच्या गणेशोत्सवात चलचित्रांचे देखावे पाहत वाढलेल्या माणसाच्या मनातला चांगदेव ठरलेला असतो: वाघावर स्वार, हाती सर्पाचा आसूड, समोर चालून येणारी भिंत. चौदाशे वर्षे जगलेला, मृत्यूला योगबळाने परतवणारा, तरीही अंतिम ज्ञानाला पारखा राहिलेला हा सिद्ध गिरणगावच्या बालमनाला खलनायकच वाटत आला. हा खलनायक आला कुठून?

तेराव्या शतकातील 'चांगदेव पासष्टी' उघडून पाहिली तर तिथे ना वाघ आहे, ना भिंत. पासष्ट ओव्यांत आहे ते अद्वैताचे विवरण, आणि तेही चांगदेवाला आपुलकीने संबोधून केलेले. त्यात स्पर्धा नाही, पराभवही नाही. चमत्कारांचा सामना रंगतो तो संतचरित्रांत. महिपतींच्या 'भक्तविजय'सारख्या (१७६२) ग्रंथांनी तो घरोघरी पोचवला. विशेष म्हणजे वाघावरचा सिद्ध आणि भिंतीवरचा संत ही जोडी एकट्या महाराष्ट्राची नाही. भारतातील अनेक सूफी पीरांविषयीही हीच कथा सांगितली जाते. म्हणजे खलनायकाचा साज हा फिरत्या कथाबीजाचा आहे; चांगदेवाला तो मागाहून चढवला गेला, असे मानण्यास जागा आहे.

आख्यायिकेतला खरा मर्मभेदी प्रसंग मात्र कोऱ्या पत्राचा. ज्ञानदेव वयाने लहान, म्हणून 'चिरंजीव' लिहावे, की ज्ञानाने थोर, म्हणून 'तीर्थरूप'? मायना सुचेना, तेव्हा चांगदेवाने कागद कोराच धाडला. जो स्वतः शब्दशः चिरंजीव, तोच 'चिरंजीव' या शब्दापाशी अडला! आयुष्य लांबवणे आणि जाणणे यांतले अंतर याहून नेमके सांगता येणार नाही. मुक्ताबाईने, इतकी वर्षे जगूनही हा कोराच, असे म्हटल्याचे परंपरा सांगते.

ज्ञानासाठी आत्मा विकणारा मार्लोचा फॉस्टस अखेर नरकात जातो. आपला चांगदेव शिक्षा भोगत नाही. तो वाघावरून उतरतो आणि वयाने कितीतरी लहान असलेल्या मुक्ताबाईचा शिष्य होतो. लोकमानसाने त्याला खलनायकाचा वेष दिला खरा, पण खलनायकाचा शेवट दिला नाही. देखावा पाहताना आपली नजर चालत्या भिंतीवर खिळते. खरे तर ती वाघावरून खाली उतरणाऱ्या त्या वृद्धावर थांबायला हवी.