कोन्सो ग्रामजीवन

कोन्सो ग्रामजीवन : दक्षिण इथिओपियाच्या कोरड्या, डोंगराळ मुलखातील कोन्सो लोकांची स्वावलंबी ग्रामव्यवस्था. गावे टेकड्यांच्या माथ्यावर दगडी तटांच्या आत वसलेली असतात. उतारांवर चुन्याशिवाय रचलेले दगडी बांध पायऱ्यापायऱ्यांनी माती धरून ठेवतात व पाणी जिरवतात. त्यांची डागडुजी गावकरी मिळून करतात. ज्वारी हे मुख्य पीक असून सोबत कडधान्ये व कापूस यांची मिश्र लागवड होते. गुरांना घराजवळ बांधून चारा घालतात आणि शेणखत शेतात जाते. शेवग्याच्या जातकुळीतील एका झाडाचा पाला ही रोजची भाजी. ज्वारीच्या पिठाचे गोळे त्याबरोबर शिजवून खातात. ज्वारीपासून ‘चेका’ हे आंबवलेले पेयही करतात. सूत स्त्रिया काततात, तर हातमागावर कापड पुरुष विणतात. ‘मोरा’ या सार्वजनिक वास्तूत सभा भरते. तरुण रात्री तेथेच झोपतात व प्रसंगी गावाच्या रक्षणाला धावतात. सुमारे ४०० वर्षांची ही परंपरा आजही जिवंत असून युनेस्कोने २०११ मध्ये हा प्रदेश जागतिक वारसा यादीत समाविष्ट केला. अवर्षणप्रवण भागांसाठी मृद्‌संधारणाचा हा मोलाचा वस्तुपाठ आहे. मात्र पाऊस सलग हुकल्यास येथेही अन्नटंचाई जाणवते.