आधी कुदळ, मग कायदा
1985च्या ऑक्टोबरात राजेंद्रसिंह चार मित्रांसह राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यात आले. वय 26, गाठीला आयुर्वेदाचं शिक्षण, जयपूरची सरकारी नोकरी नुकतीच सोडलेली. गावात दवाखाना आणि शाळा काढायचा त्यांचा बेत होता. गोपालपुऱ्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्यानं तो मोडीत काढला: आधी पाणी हवं, त्यासाठी जोहड खोदा.

जोहड म्हणजे उतारावरचं पावसाचं पाणी अडवणारा अर्धचंद्राकृती मातीचा बांध. आतल्या अंगाची माती खोदायची आणि तिचीच पाळ रचायची. साठलेल्या पाण्यावर गुरं तहान भागवतात, पण जोहडाचं खरं काम जमिनीखाली चालतं. पाणी मुरतं आणि खालच्या शिवारातल्या विहिरी भरतात. गाळ गावानंच काढायचा, अशी रीत होती. डोंगरांवरची झाडं तुटली, ही रीतही मोडली आणि जोहड गाळानं भरून गेले. विहिरी आटल्या, तरुण पोटासाठी शहराकडे गेले.

राजेंद्रसिंह आणि त्यांच्या ‘तरुण भारत संघा’नं गावकऱ्यांसोबत कुदळ हाती घेतली. पाटबंधारे खात्यानं हे बांध बेकायदा ठरवून नोटिसा धाडल्या, तरी काम थांबलं नाही. पुढं याच जिल्ह्यातल्या सरिस्काच्या जंगलात पाण्याच्या मुळावर उठलेल्या खाणींविरुद्ध संघ सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1991मध्ये खाणकामाला मनाई मिळवली.

याच भागातल्या अरवरी नदीच्या खोऱ्यात शेकडो बांध झाले आणि 1990च्या दशकाच्या मध्यास ही कोरडी नदी बारमाही वाहू लागली. पाण्याबरोबर मासे आले, माशांमागून मासेमारीचा सरकारी ठेका आला. नदी जिवंत केली गावांनी, ठेका देणार सरकार! गावकऱ्यांनी तो हाणून पाडला. या झगड्यातून नदीवर हक्क कुणाचा, हा प्रश्न ऐरणीवर आला आणि 1999मध्ये सुमारे 70 गावांची ‘अरवरी संसद’ उभी राहिली. ऊस-भातासारखी तहानलेली पिकं घ्यायची नाहीत, बोअर मारायची नाही, असे नियम गावांनी स्वतःवरच घातले.

राजेंद्रसिंहांना 2001चा मॅगसेसे आणि 2015चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. राष्ट्रीय गंगा नदी खोरे प्राधिकरणाचं सदस्यत्व मात्र त्यांनी 2012मध्ये सोडलं. दिल्लीच्या या प्राधिकरणापेक्षा अरवरीच्या संसदेनं नदीसाठी अधिक केलं, असंच म्हणावं लागतं.

महाराष्ट्रात बंधारे पुष्कळ झाले. आता एखाद्या खोऱ्यातल्या गावांनी एकत्र बसून आपल्या शिवारात ऊस किती लावायचा, हेही ठरवावं.