जिऱ्याची नोंद, परसाची नोंद

आज आपण जिऱ्याबद्दल बोलू. वरणाची फोडणी असो, ठेचा असो की बाळंतिणीचं खाणं, जिऱ्याशिवाय आपलं भागत नाही. पण आपल्या वाशिम जिल्ह्यात परसात जिरं लावलेलं क्वचितच दिसतं. आपण ते दुकानातून आणतो आणि दुकानदाराकडे ते बहुतेक गुजरात-राजस्थानातून येतं. गुजरातेतलं उंझा हे जिऱ्याचं सगळ्यात मोठं मार्केट. 2023 मध्ये तिथं भाव क्विंटलला 50,000 रुपयांच्या वर गेला, तेव्हा आपल्या डब्यातलं जिरंही महागलं होतं.

जिरं मूळचं पश्चिमेकडच्या कोरड्या मुलखातलं, भूमध्य समुद्राच्या बाजूचं. आपल्या देशातही ते फार जुनं आहे. चरकसंहितेत त्याला 'जीरक' म्हटलंय.

इतकं जुनं आपल्याला कळतं कसं? कोणीतरी लिहून ठेवलं म्हणून. ग्रीस देशात मायसीनी इथं 3,200 वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांवर हिशेब आहेत आणि त्यांत जिरं, धणे, पुदिना यांची नावं आहेत. बायबलमध्येही पुदिना, शेपू आणि जिरं यांचा दहावा हिस्सा धर्मासाठी देणाऱ्या लोकांचा उल्लेख येतो. वाफ्यातल्या चिमूटभर मसाल्याचीही तिथं मोजणी होत होती.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपलं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटक राजांची राजधानी. 1939 मध्ये इथं विंध्यशक्ती दुसरा या राजाचा ताम्रपट सापडला. वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाला कशाकशाची माफी आहे ते लिहिलेलं असतं. त्या यादीत फुलं आणि दूधही येतं. म्हणजे इतर गावांना फुलं आणि दूध द्यावं लागत होतं. जे वसूल व्हायचं ते तांब्यावर कोरलं गेलं. फुलझाडाला पाणी कोणी घातलं, धार कोणी काढली, हे मात्र कोरलेलं नाही.

आजही फारसं वेगळं नाही. सातबाऱ्यावर शेतातलं सोयाबीन लागतं, तूर लागते, हरभरा लागतो. परसातली कोथिंबीर, मेथी, ओवा, वालाच्या शेंगा कुठंच लागत नाहीत. घरात मात्र त्या रोज लागतात. मग कोणी सहज म्हणून जातं, "बाई काही कमवत नाही."

म्हणून आम्ही म्हणतो, यंदा एक छोटा वाफा जिऱ्याचा करून पाहू. जिरं कोथिंबिरीच्याच कुळातलं, पण जास्त नाजूक. त्याला कोरडी थंडी आणि हलकी जमीन लागते. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते, त्यानं मर लागते. म्हणून गादीवाफा करावा. मातीत रेती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं. नोव्हेंबरमध्ये, पाऊस पूर्ण उघडल्यावर, बी सात-आठ तास भिजवून, सुकवून पेरावं. वर अर्ध्या बोटापेक्षा जास्त माती नको. उगवायला दहा-बारा दिवस लागतात, घाई करू नये. सुरुवातीला तण काढत राहावं. पाणी बेतानं द्यावं. फुलावर असताना आभाळ आलं की करपा आणि भुरीची भीती, तेव्हा पाणी देऊच नये. साधारण साडेतीन-चार महिन्यांत झाडं पिवळी पडतात. तेव्हा उपटून, वाळवून, झोडून घ्यावीत.

हवामान बिघडलं तर जिरं हातचं जाऊ शकतं, हे आधीच सांगतो. म्हणून शेजारच्या वाफ्यात धणे आणि ओवा पेरावा. ते आपल्याकडे बरे येतात.

आणि एक काम आजपासूनच करू. गटाच्या वहीत बचतीच्या पानामागे एक पान परसाचं ठेवू. काय लावलं, किती निघालं, घरात किती गेलं, विकलं तर किती आले, दुकानातून आणावं लागलं असतं तर किती गेले असते. पावशेर जिरं निघालं तरी लिहायचं. काहीच निघालं नाही तर तेही लिहायचं, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

आजवर ज्यांना आपला हिस्सा घ्यायचा होता, त्यांनी मोजलं. आता आपल्या परसाचं आपण मोजू.