सावत्र संघ

अमेरिकेत एरी सरोवराच्या काठी क्लीव्हलंड नावाचे शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे बेसबॉलचा एक नामांकित संघ होता. नाव ‘स्पायडर्स’, म्हणजे कोळी. जाळे विणणारे, जाळे टाकणारे नव्हेत! १८९५ साली या कोळ्यांनी बाल्टिमोरच्या मातब्बर संघाला नमवून टेंपल चषक जिंकला होता. साय यंग हा त्यांचा पिचर, आपल्या भाषेत गोलंदाज. कारकीर्दीत ५११ सामने जिंकून देणाऱ्या या माणसाचा विक्रम आजवर कोणाला गाठता आलेला नाही. असा हा संघ चार वर्षांत धुळीला कसा मिळाला, ती हकिकत ऐकण्यासारखी आहे.

संघाचे मालक फ्रँक आणि स्टॅन्ली रॉबिसन हे दोघे भाऊ. ट्रामगाड्या हा त्यांचा धंदा. मैदानही त्यांनी आपल्याच ट्रामच्या वाटेवर बांधले होते. येणाऱ्याने तिकीटही द्यावे आणि भाडेही, असा दुहेरी हिशेब! पण कामकरी माणसाला सुट्टी रविवारची, आणि रविवारच्या खेळावर कायद्याचा बडगा. १८९७ साली तर पोलिसांनी खेळाडूंनाच पकडले. तेव्हापासून मालकांचे मन शहरावरून उडाले.

१८९९ च्या आरंभी सेंट लुईसचा कर्जबाजारी संघ लिलावात निघाला, तो अखेर याच बंधूंच्या हाती आला. एकाच स्पर्धेतले दोन संघ एकाच घरच्या मालकीचे. त्या काळी याला कोणाची आडकाठी नव्हती. सेंट लुईस मोठे शहर, तिथे रविवारीही खेळ चाले. झाले! साय यंग, जेसी बर्केट, बॉबी वॉलेस असे सारे मोहरे तिकडे रवाना झाले आणि तिकडचे नकोसे खेळाडू क्लीव्हलंडच्या वाट्याला आले. एक पोर लाडके, दुसरे सावत्र.

पहिलाच सामना सेंट लुईसशी पडला. समोर चेंडू घेऊन उभा कोण, तर साय यंग! १० विरुद्ध १ असा पराभव पदरी आला.

पुढे शहरानेही पाठ फिरवली, आणि शहराचे तरी काय चुकले? डोळ्यांदेखत आपले घर धुऊन नेणाऱ्याच्याच हाती पैसे कोण ठेवील? संबंध वर्षात घरच्या मैदानावर जेमतेम सहा हजार प्रेक्षक आले. म्हणजे सामन्यामागे दीडशेसुद्धा नव्हेत. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीला याहून अधिक पाने मांडतात. पाहुण्या संघांना मिळणाऱ्या वाट्यात आगगाडीचे भाडेही सुटेना, तेव्हा ते येईनासेच झाले. मग क्लीव्हलंडचा संघच गावोगाव फिरू लागला. परक्या मैदानांवर ११२ सामने, त्यांतले १०१ हरलेले! वर्तमानपत्रे त्यांना ‘परागंदा’, ‘भटके’ म्हणू लागली.

कप्तान लेव्ह क्रॉस खेळाडू चांगला. म्हणून हंगामाच्या मध्येच मालकांनी त्यालाही सेंट लुईसला नेले. त्याच्या जागी आला जो क्विन. ऑस्ट्रेलियात जन्मलेला हा गृहस्थ एरवी अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय करी. दैवालाही कधीकधी विनोद सुचतो म्हणायचा! ऑगस्टच्या अखेरीपासून ओळीने २४ सामने हरले. एकट्या जिम ह्यूई या गोलंदाजाच्या नावावर वर्षाअखेर ३० पराभव लागले. मला कौतुक वाटते ते त्याचे. उद्या काय होणार हे ठाऊक असतानाही तो चेंडू घेऊन पुन्हा उभा राहत होता.

१५ ऑक्टोबरला सिनसिनाटीत शेवटचा सामना झाला. त्यात गोलंदाजी केली एडी कोल्बने. हा पोरगा हॉटेलातल्या सिगारच्या टपरीवर बसणारा. सिगारची एक पेटी देऊन त्याने ही संधी मिळवली असे सांगतात. १९ विरुद्ध ३ ने सामना गेला. एकूण १५४ सामने, २० विजय, १३४ पराभव. २०२४ साली शिकागोचा व्हाइट सॉक्स संघ १२१ सामने हरला, तरी या आकड्याला धक्का लागला नाही.

एवढे करून सेंट लुईसचा लाडका संघ आला पाचवा! पुढच्या वर्षी स्पर्धेतले बारा संघ आठांवर आणले गेले आणि त्यांत क्लीव्हलंडचे नाव पुसले गेले. शहराला नवा संघ मिळाला तो १९०१ साली, दुसऱ्याच स्पर्धेत.

हंगामाच्या अखेरीस खेळाडूंनी संघाबरोबर फिरणारे चिटणीस जॉर्ज म्यूर यांना हिऱ्याचे लॉकेट भेट दिले. कारण काय, तर बिचाऱ्यांना एकूण एक सामना पाहावा लागला होता.