आज्ञापंक्तीवरील रंगसंकेत
आज्ञापंक्तीवरील रंगसंकेत : संगणकाच्या टर्मिनलवर अक्षरे रंगीत दिसावीत म्हणून मजकुरातच घातलेल्या नियंत्रण-चिन्हांच्या मालिका. १९७० नंतरच्या दशकात प्रत्येक उत्पादकाचे संकेत निराळे असत. त्यामुळे एका टर्मिनलासाठी लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्यावर नीट चालत नसे. यावर उपाय म्हणून ईसीएमए-४८ (१९७६) व अमेरिकेतील एक्स३.६४ (१९७९) ही मानके निघाली. या पद्धतीचा प्रसार व्हीटी१०० (१९७८) या टर्मिनलामुळे झाला. तो स्वतः मात्र एकरंगी होता.

मालिकेच्या आरंभी २७ क्रमांकाचे ‘एस्केप’ चिन्ह असते. पुढील अंकांपैकी ३० ते ३७ अक्षरांचा व ४० ते ४७ पार्श्वभूमीचा रंग ठरवितात. ३१ म्हणजे तांबडा. शून्याने सर्व पूर्ववत होते.

मजकूर व सूचना एकाच प्रवाहातून जात असल्याने ही पद्धत सोपी व दीर्घायुषी ठरली. तिचे दोषही त्यातूनच उद्‌भवतात. फलित धारिकेत साठविल्यास त्यात संकेतांची निरर्थक चिन्हे उरतात. बॅश या शेलच्या प्रॉम्प्टमध्ये हे संकेत अदृश्य म्हणून वेगळे न दर्शविल्यास ओळीची लांबी चुकीची मोजली जाते. शिवाय तांबडा-हिरवा भेद न जाणवणाऱ्यांना केवळ रंगाने दिलेला इशारा कळत नाही. म्हणून रंग हा शब्दाला पूरक असावा, पर्याय नसावा.