सीमाविवाद : मिताक्षरेपासून पहाणीपर्यंत



या स्मृतिव्याख्यानासाठी मी राज्यांच्या सीमेचा नव्हे, तर शेताच्या बांधाचा विषय निवडला आहे. राजवंशांचा इतिहास आपण पाठ करतो. दोन शेजाऱ्यांमधील हातभर जमिनीचा इतिहास मात्र न्यायालयाच्या दप्तरात पडून राहतो. वस्तुतः त्या हातभर जमिनीपायी घरेच्या घरे खर्ची पडलेली असतात.

या विषयाचा प्राचीन धागा मैलूरच्या श्रोत्यांना परका नाही. चालुक्यांची राजधानी कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, याच बिदर जिल्ह्यात आहे. विक्रमादित्य सहावा (१०७६–११२६) याच्या काळात तेथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. वारसाहक्काच्या बाबतीत बंगालचा अपवाद सोडता बहुतेक भारताने ती प्रमाण मानली. पण त्याच व्यवहाराध्यायात सीमाविवादाचेही प्रकरण आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

हद्द कोणी सांगावी? याज्ञवल्क्याचे उत्तर असे : भोवतालचे शेजारी, गावातील वृद्ध, गुराखी, हद्दीलगत नांगर धरणारे आणि रानात वावरणारे लोक यांनी. खुणा कोणत्या? उंचवटा, कोळसा, कोंडा, झाड, बांध, वारूळ, हाडे. खुणा नसतील तर चार, आठ किंवा दहा शेजाऱ्यांनी तांबडी वस्त्रे नेसून, तांबड्या फुलांच्या माळा घालून, माती धारण करून हद्द चालून दाखवावी. खोटे ठरल्यास प्रत्येकाला दंड. जाणते लोक आणि खुणा या दोन्हींचा अभाव असेल, तरच राजाने हद्द ठरवावी. घर, बाग, पाणवठा आणि पावसाच्या पाण्याची वाट यांनाही हाच नियम लागू होता. मनूने तर ज्येष्ठ महिना सुचविला आहे. रान मोकळे असते तेव्हा बांध स्पष्ट दिसतो.

या व्यवस्थेत राजा शेवटी येतो आणि शेजारी प्रथम, ही गोष्ट मला मोलाची वाटते. मराठेशाहीतील गोतसभा आणि तिचे महजर याच परंपरेतले. गावाच्या शिवेबाबत महाराची साक्ष तेथे निर्णायक मानली जाई. जातीने ज्याला वेशीबाहेर ठेवले, त्याच्याच स्मरणावर गावाची वेस उभी होती, हा विरोधाभासही आपण नजरेआड करू नये. तेव्हा जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही.

निजामी राज्यात पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी आणि बंदोबस्त आला, आणि माणसाच्या स्मरणाची जागा साखळीने घेतली. मुंबईच्या पद्धतीत साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग १६ आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद क्षेत्र म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. हिशोब चोख होता. मात्र एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित अधिक, हे ध्यानात घ्यावे. बांध कोरणारा नांगर वर्षाला वीतभर सरकतो; म्हणजे तंट्याचे माप मोजणीच्या मापाहून लहान! महसूल ठरविण्यास पुरेशी असलेली साखळी शेजाऱ्यांचे समाधान करण्यास तोकडी पडावी, यात नवल नाही.

१९४८ साली निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्ह्याची वाटणी झाली : उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहिराबाद व नारायणखेड आंध्रात, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात. आमच्याकडील मराठी घरात आजोबांचा कागद उर्दूत, तोही फसली सनाचा. वडिलांची पहाणी कन्नडात. आणि भांडण मराठीत! फसली सनात ५९० मिळविल्यावर इसवी सन येतो, एवढेही ठाऊक नसल्याने हातातला पुरावा निरुपयोगी ठरतो. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ चा, हे किती जणांस उमगते?

आज कायदा तीन निरनिराळे प्रश्न विचारतो : कागदावर हद्द कोठे आहे, प्रत्यक्ष कब्जा कोणाचा आहे आणि मालकी कोणाची आहे. भूमापक पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. मालकीचा निर्णय दिवाणी न्यायालयाचा. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार न्यायालय स्थळपाहणीसाठी आयुक्त नेमू शकते. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे १२ वर्षांचा उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काविरुद्ध असलेला कब्जा मूळ मालकाचा दावाच संपवू शकतो. म्हणून 'शेजारी आहे, राहू द्या' असे म्हणून वर्षानुवर्षे गप्प बसणेही धोक्याचे आणि पहिल्याच दिवशी कोर्टाची पायरी चढणेही. पुढे कर्नाटकाने 'भूमी' योजनेत पहाण्या संगणकावर आणल्या. त्यामुळे खातेउतारा सहज मिळू लागला. पण उताऱ्यावर क्षेत्र असते, धुऱ्यावरचा दगड नसतो.

नऊ शतकांच्या या प्रवासात अचूकता वाढली, दुर्बलालाही दाद मागण्याचे द्वार खुले झाले, हे मोठेच यश. परंतु शेजारी, जो हद्दीचा पहिला साक्षीदार होता, तो आता केवळ प्रतिवादी उरला आहे. कागद कितीही सुधारला तरी ही उणीव तो भरून काढू शकणार नाही.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी वकील आहेत, कोणी महसूल खात्यात आहेत, कोणाला उर्दू येते, कोणाला कन्नड. वर्षातून एक दिवस, पेरणीपूर्वी, याच प्रशालेत बसून गावकऱ्यांचे जुने कागद वाचून द्यावेत आणि दोन्ही शेजाऱ्यांना एकाच बाकावर बसवून त्यांचा अर्थ सांगावा. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना विद्येचा असा उपयोग निश्चितच मान्य झाला असता.